ऐकीव वाक्य

वाक्य माझं होतं आणि टाळ्या माझ्या नवऱ्याला पडल्या. सभागृहात दीडदोनशे माणसं असतील. त्यांतल्या एकालाही हे माहीत नव्हतं आणि माहीत असायचं कारणही नव्हतं. नवऱ्याला मात्र माहीत होतं, आणि तो व्यासपीठावरून माझ्याकडे बघून हसला. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अजून उतरलेली नाही, आणि मी हे त्याच रागात सांगते आहे. शांत झाल्यावर सांगू म्हटलं, तर माझ्याकडून कधी सांगून व्हायचं नाही.

नवरा कोशकार आहे. शब्दकोश तयार करणाऱ्या संस्थेत तो लागला तेव्हा आमचं लग्नही ठरलं नव्हतं. त्यांचा कोश साधासुधा नाही. एक शब्द घ्यायचा, तो मुळात कुठला ते शोधायचं, आणि पुढे तो कुठल्या कुठल्या भाषेत गेला आणि तिथे जाऊन काय होऊन बसला ते लिहायचं. घरातून पळालेल्या पोराचा माग काढावा, तसं काम. त्यांच्या मुख्य संपादकांचा एक नियम आहे. प्रत्येक अर्थाखाली उदाहरणादाखल एक वाक्य हवं, आणि ते टेबलाशी बसून रचलेलं चालणार नाही. कुणीतरी खरोखर बोललेलं आणि कोशकाराने स्वतःच्या कानांनी ऐकलेलं हवं. कचेरीत त्याला ऐकीव वाक्य म्हणतात. त्यामुळे नवऱ्याच्या खिशात सदैव कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिलीचा तुकडा. भाजी घेताना, दवाखान्यात नंबर लावून बसलेला असताना, लोकांच्या लग्नात, कुठेही कुणी काही वेगळं बोललं की याचा हात खिशात. आमची लेक आता शिकायला बाहेरगावी असते, ती त्याला चिठ्ठीमास्तर म्हणते. माझा मामा गेला तेव्हा मामी रडता रडता काही बोलली, तर यानं भिंतीला चिठ्ठी टेकवून ते उतरवून घेतलं. मामीने बघितलं नाही, पण मी बघितलं. तेव्हाच समजायला हवं होतं, पण मी त्या वेळी त्याच्यावर पांघरूण घातलं.

मी एका लॅबमध्ये कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात. आम्ही प्लास्टरचा साचा ओततो, त्यावर मेण चढवतो, मेणात एकेक दात बसवतो, आणि मग मेणाच्या जागी गुलाबी हिरडी तयार होते. शेवटी चाकावर घासून गुळगुळीत करायची. धूळ नाकातोंडात जाते, बोटांना चटके बसतात, पण काम मला आवडतं. एखादा दात केसभर तिरका बसला तर म्हातारं माणूस जेवताना रडकुंडीला येतं, म्हणून मी तिरका बसू देत नाही. आमच्या मालकीणबाईंनी दुसऱ्या शहरात शाखा काढायचं मनात आणलं तेव्हा ती मला चालवायला देऊ केली होती. मी नाही म्हटलं. कोशात नवऱ्याचं ‘स’ हे अक्षर चालू होतं. ‘स संपू दे,’ तो म्हणाला, ‘मग राहिला फक्त ह. ह-ला शब्द असे कितीसे असतात? मग मी मोकळा. तू म्हणशील तिथे जाऊ, आईलाही नेऊ.’ सासूबाई पलंगावरून म्हणाल्या होत्या, की अक्षरं संपेपर्यंत मी टिकले म्हणजे मिळवलं. आम्ही तिघेही हसलो होतो.

शाखा दुसऱ्या कुणाच्या तरी हाती गेली आणि त्या माणसाने तिची वाट लावली. या महिन्यात मालकीणबाईंनी मला पुन्हा विचारलं. या वेळी त्यांनी आठवड्याची मुदत दिली आणि स्वच्छ सांगितलं, की तिसऱ्यांदा विचारणार नाही. मी घरी काही बोलले नाही. कोशाचा शेवटचा खंड त्याच आठवड्यात प्रकाशित होणार होता. म्हटलं, होऊन जाऊ दे त्याचा सोहळा. संध्याकाळी घरी आल्यावर निवांत सांगू. आता तो मोकळाच आहे.

तर सोहळा. मी लॅबमधून अर्धी सुट्टी काढली, मी कामावर असताना बसते तशी सासूबाईंजवळ शेजारीण बसवली, चांगली साडी नेसले आणि दुसऱ्या रांगेत जाऊन बसले. शेवटच्या खंडातल्या एका शब्दावर नवरा बोलणार होता. शब्द कुठला ते त्याने मला सांगितलं नव्हतं. म्हणाला, तुझ्यासाठी गंमत आहे.

शब्द होता ‘संसार’.

तो छान बोलतो, हे मी रागातही कबूल करते. त्याने सांगितलं, की या शब्दाचं मूळ संस्कृतात आहे आणि त्यातल्या धातूचा अर्थ सरकणं, वाहणं. संसार म्हणजे वाहत जाणं, जन्मामागून जन्म भटकत राहणं. पूर्वीच्या विरक्त माणसांना ज्यातून सुटायचं होतं, ते हे. मग हा शब्द हिंदीत गेला आणि अख्खं जग होऊन बसला. बंगालीत तो घरात शिरला. कन्नडमध्ये घरकुटुंब झाला. तमिळमध्ये तर माणसं बोलता बोलता बायकोलाच संसार म्हणतात. इथे सभागृह हसलं, आणि मीही हसले. मलयाळममध्ये संसार म्हणजे बोलणं, गप्पा. तिथे दोन माणसं नुसती बसून बोलत असली तरी तो संसार. समुद्र ओलांडून थाई भाषेत गेला, तिथे त्याचा उच्चार बदलला आणि अर्थ झाला दया येणं, कीव येणं. मलाय भाषेत गेला, तिथे झाला हाल, यातना. ‘म्हणजे बघा,’ तो म्हणाला, ‘एकच शब्द. कुणाला त्यात जग दिसलं, कुणाला बायको, कुणाला गप्पा आणि कुणाला हाल. चूक कुणाचीच नाही.’ माणसांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या बाईने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, किती भाग्यवान हो तुम्ही. मी मान डोलावली. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटत होता.

मग तो म्हणाला, की आता मराठी. मराठीत संसार म्हणजे नवराबायकोने मिळून चालवायचा घराचा गाडा. आणि या अर्थाखालचं ऐकीव वाक्य त्याने कोशातून वाचून दाखवलं.

‘“संसार दोघांचा म्हणतोस, मग त्यातली आजारपणं तेवढी माझ्या एकटीच्या वाट्याला का?” बोलणारी विवाहित स्त्री, वय चाळीसच्या पुढे, प्रसंग घरगुती.’

आणि माझ्याकडे बघून हसला.

ते वाक्य मी कधी बोलले, ते सांगते. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या पलंगावरच आहेत. त्याच आठवड्यात लेकीला टायफॉइड झाला. एका खोलीत एक, दुसऱ्या खोलीत दुसरी. मी बिनपगारी रजा टाकलेली. बेडपॅन, गोळ्या, कपाळावरच्या पट्ट्या, दोघींची दोन तऱ्हेची पथ्यं आणि पिळायला पडलेल्या चादरी. हा कचेरीतून आला, हातपाय धुतले, कागद पसरून टेबलाशी बसला आणि चहा आहे का म्हणून विचारलं. तेव्हा मी ओल्या चादरीसकट त्याच्यापुढे उभी राहिले आणि ते बोलले. ओरडले नाही. माझ्यात ओरडायचं त्राण नव्हतं. त्याने मान वर केली, माझ्याकडे नीट बघितलं, खिशातून चिठ्ठी काढली आणि काहीतरी लिहिलं.

मला वाटलं, तो कामं लिहून घेतोय. कुठली औषधं आणायची, डॉक्टरांना कधी बोलवायचं, उद्या कुणी थांबायचं. खरंच असं वाटलं. दुसऱ्या दिवशी तो येताना नवा थर्मामीटर घेऊन आला आणि माझी खात्रीच पटली. म्हटलं, बोलत नाही, पण ऐकतो. कुढ्या स्वभावाचा आहे, पण मनात घेतो. नंतर किती वेळा दाताच्या कण्या कराव्या लागल्या, किती वेळा मूग गिळून बसले, पण त्या चिठ्ठीच्या जोरावर मी सगळं निभावून नेलं. लेक एकदा म्हणाली, की बाबा तुझं कधी ऐकतच नाही. तर मी तिलाच दटावलं. म्हटलं, तुला काय माहीत, एकदा त्यानं माझं बोलणं लिहून घेतलंय.

लिहून घेतलं होतंच. आता छापूनही आलं.

मुख्य संपादकांनी विचारलं, कुणाला काही शंका आहेत का. एकाने जाडजूड शंका विचारली, तिचं जाडजूड उत्तर मिळालं. मग मी हात वर केला. माइक माझ्याकडे आला. मी तो दोन्ही हातांनी धरला.

‘शेवटचं वाक्य ज्या बाईचं आहे, तिने प्रश्न विचारला होता,’ मी म्हणाले. ‘तिला उत्तर काय मिळालं?’

सभागृहात जराशी खसखस पिकली. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर जागच्या जागी राहिलं. तो हजरजबाबी म्हणून प्रसिद्ध आहे. तेवढ्यात सावरून म्हणाला, ‘कोशात उत्तर नोंदवायची पद्धत नाही.’ लोक खो खो हसले आणि पुन्हा टाळ्या पडल्या. मुख्य संपादकांनीही त्याच्या पाठीवर थाप मारली. मी माइक परत केला आणि दातओठ खात खाली बसले. मला सभागृहाचा राग आला, त्या भाग्यवान म्हणणाऱ्या बाईचा आला, आणि पाच मिनिटांपूर्वी मान डोलावणाऱ्या माझाही आला.

टॅक्सीत बसलो. तो पुष्पगुच्छ मांडीवर घेऊन बसला होता आणि सांगत होता, की कोण कोण भेटलं, कोण काय म्हणालं. घरी आलो. शेजारीण म्हणाली, आजी जेवल्या नाहीत, तुमची वाट बघतायत. मी साडी न बदलताच सासूबाईंना भाताची पेज भरवली, तोंड पुसलं, त्यांची कूस बदलली. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी बदलावी लागते. त्यांनी विचारलं, कसं झालं भाषण. मी म्हटलं, फार छान झालं, सगळे हसले. त्यांचा माझ्यावर जीव आहे आणि माझाही त्यांच्यावर आहे, हे इथे सांगून ठेवते. नाहीतर पुढचं ऐकून लोक म्हणतील, सासूवर राग काढला.

बाहेर आले तर हा पुष्पगुच्छ पाण्याच्या तांब्यात खुपसत होता. मला म्हणाला, तू चिडलीस का. मी म्हटलं, तू काय वाक्य वाचलंस ते तुला कळलं का. तर याचा चेहरा उजळला. म्हणाला, ‘म्हणजे काय! तुझंच वाक्य. मुद्दाम सांगितलं नव्हतं तुला.’

मला वाटलं होतं, तो ओशाळेल. सारवासारव करील. पण त्याच्या मनात पापच नव्हतं, आणि त्यामुळे माझ्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला. तो मला समजावून सांगायला लागला. या अर्थासाठी कचेरीत किती जणांनी वाक्यं आणली होती, आणि ती कशी सगळी मिळमिळीत होती. म्हणे आमचा संसार सुखाचा चालला आहे. म्हणे तिने संसार थाटला. मुख्य संपादकांनी ती सगळी बाजूला सारली आणि माझं वाक्य एका दमात मंजूर केलं. म्हणाले, याच्यात जीव आहे.

‘मी तेव्हा तुझ्यापुढे उभी होते,’ मी म्हणाले. ‘आत दोघी पडलेल्या होत्या. आणि तू वाक्य उतरवून घेत होतास.’

‘ऐकलं म्हणूनच उतरवलं ना,’ तो म्हणाला. ‘मी आयुष्यात किती माणसांचं बोलणं ऐकलं असेल. कोशात किती जणांचं गेलं? मी ज्याचं खरंखुरं ऐकतो, त्याचंच लिहून घेतो. याहून जास्त मी कुणासाठी काय करणार?’

हे तो अगदी मनापासून बोलला. खरं सांगायचं तर मला एक क्षणभर त्याचं म्हणणं कळलंही. त्याच्या जगात त्याने मला सोन्याच्या पाटावर बसवलं होतं. पण पाटावर नुसतं बसून पोट भरत नाही. मी विचारलं, ऐकून पुढे काय केलंस. तो म्हणाला, थर्मामीटर आणला होता ना.

मी हसले. रागाने हसू येतं, हे मला पहिल्यांदा कळलं. ते हसू बघून तो घाबरला असावा, कारण तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला आणि आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, ‘हे बघ, तुला एवढं लागलं असेल तर मी ते वाक्य काढून टाकतो. पुरवणी खंडात दुरुस्तीची सोय असते. तिथे दुसरं देऊ.’

‘कुठला पुरवणी खंड?’ मी विचारलं.

तो उठला. मग तांब्यातली फुलं उगाच सारखी करायला लागला. मग त्याने सांगितलं, की कोशातून सुटून गेलेल्या शब्दांचा एक खंड काढायचं ठरलंय. त्याचं सगळं काम याच्याकडे आहे. पाचएक वर्षं लागतील. हा कधीच हो म्हणून बसलाय. मला सांगणारच होता, पण प्रकाशनाच्या गडबडीत राहून गेलं. आणि घरातून तशी काही अडचण नव्हतीच.

मी सोहळा होऊन जाऊ दे म्हणून थांबले होते, आणि तो सोहळ्याच्या गडबडीत सांगायचं विसरला होता. मालकीणबाईंची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मी त्याला शाखेचं सांगितलं. पुन्हा विचारलंय, शेवटचं विचारलंय, असं म्हटलं. त्याने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, थोडं आधी कळलं असतं तर. मी म्हटलं, माझं तुला आधी सांगून झालंय. स चालू असताना सांगितलंय. तू काय म्हणाला होतास ते तुला आठवत नसेल, कारण ते तू लिहून घेतलं नव्हतंस.

 मी त्याच्यासमोर बसले. 

‘वाक्य काढू नकोस,’ मी म्हणाले. ‘वाक्य बरोबर आहे, राहू दे. पण तो प्रश्न आहे. कोशात उत्तराची पद्धत नसेल, घरात आहे. सहा वर्षं झाली. आता उत्तर दे. आजारपणं तेवढी माझ्याच वाट्याला का?’

मी त्याला एवढं श्रेय देईन, की त्याने विनोद केला नाही. कामाची, पगाराची, पुरुषांना येत नाही वगैरे सबब सांगितली नाही. एखाद्या शब्दाचं मूळ शोधताना जसा बसतो तसा तो बराच वेळ टेबलाकडे बघत बसला. आत सासूबाईंना खोकल्याची ढास आली आणि थांबली. मग त्याने मान वर केली.

‘मला वाटलं, तुला जमतंय,’ तो म्हणाला.

खरं उत्तर होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मला कळलं, की याच्यामागे आणखी काहीच नाही. दुष्टपणा नाही, कंटाळा नाही, कावाही नाही. त्याने मला सगळं जमवताना बघितलं आणि तो सुखाने आपल्या कामाकडे वळला. नऊ भाषांमधून एका शब्दाच्या मागे फिरला, आणि पलीकडच्या खोलीत यायची त्याला कधी गरज वाटली नाही. मी पडले असते, रडले असते, ताटं आपटली असती, तर कदाचित आला असता. मी नीट काम केलं, त्याची ही शिक्षा.

मी उठले, फोन घेतला आणि त्याच्यासमोरच मालकीणबाईंना लावला. त्यांना म्हटलं, मी शाखा घेते. त्या म्हणाल्या, घरी विचारलंस का. मी म्हटलं, विचारलं, उत्तरही मिळालं. कधी येशील म्हणाल्या, तर पुढच्या महिन्याच्या एक तारखेला म्हटलं. राहायची सोय त्या बघणार होत्या. मी म्हटलं, एकीपुरती बघा. त्या बरं म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

नवरा उभा राहिला होता. एवढ्या वर्षांत मी त्याला इतका गोंधळलेला कधी बघितला नव्हता. माझ्या जाण्याबद्दल तो काहीतरी बोलेल, असं मला वाटलं. जाऊ नकोस म्हणेल, निदान रविवारी येत जा म्हणेल. तो आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होता.

‘आणि आईचं?’ त्याने विचारलं.

‘महिना आहे हातात. कूस कशी बदलायची ते सकाळी दाखवते,’ मी म्हणाले. ‘तुला जमेल.’